‘कशावरून?’: प्राथमिक वर्गात शोधातून विज्ञान शिकवताना आणि तपासताना

विज्ञानाच्या तासाला साहित्य वाटलं, मुलांनी ते हाताळलं, तास रंगला, एवढ्यावरून शोध झाला असं म्हणता येत नाही. ओळखायची खूण एकच आहे. तास संपल्यावर मुलाला ‘कशावरून?’ असं विचारलं, तर त्याचं बोट स्वतःच्या वहीतल्या नोंदीवर जायला हवं. ते पुस्तक चाळू लागलं किंवा शिक्षकांचा चेहरा न्याहाळू लागलं, तर त्या तासाला हात चालले, पण शोध झाला नाही. शिकवणं आणि मूल्यमापन ही दोन्ही या एका प्रश्नाभोवती बांधली की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

सर्वांत जास्त नुकसान क्रमामुळे होतं. धडा आधी वाचला, ‘लंबकाची लांबी वाढवली की झोका हळू होतो’ हे फळ्यावर लिहिलं आणि मग प्रयोग केला, तर मुलं आकडे मोजत नाहीत, जुळवतात. चुकीचा आकडा आला की खोडून शेजारच्या गटाचा लिहितात. यात मुलांची लबाडी नाही. तासाच्या रचनेनेच त्यांना ते शिकवलेलं असतं. म्हणून अनुभव आधी, नाव आणि नियम नंतर. मात्र ‘नंतर’ म्हणजे ‘कधीच नाही’ असंही नव्हे. पुरावा हातात आला की शिक्षकांनी शब्द द्यावेत, नियम नीट मांडावा, राहिलेली फट बुजवावी. मुलांना साहित्य देऊन मोकळं सोडलं की ती सगळं आपापलं शोधून काढतील, ही अपेक्षा मुलांवर अन्याय करणारी आहे.

प्रश्न कसा निवडावा

‘साखर का विरघळते?’ हा प्रश्न चांगला आहे, पण वर्गात हाताने तपासता येणारा नाही. तोच फिरवून ‘पाणी गरम असलं तर साखर लवकर विरघळते का?’ असा केला की काम सुरू होतं. ‘का’चं रूपांतर ‘हे बदललं तर ते बदलतं का’ यात करायचं. प्रश्न पक्का करण्याआधी तीन गोष्टी पाहा. मोजायची गोष्ट वर्गातल्या साधनांनी मोजता येते का? उत्तराबद्दल वर्गात खरोखर दोन मतं आहेत का? आणि फरक मुलांच्या मोजणीत पकडता येईल इतका मोठा आहे का? तिसऱ्या मुद्द्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. पाण्याच्या तापमानातला ५ अंशांचा फरक विरघळण्याच्या वेळेत मुलांना दिसणार नाही. ढवळण्यातल्या फरकात तो बुडून जाईल. साधं पाणी आणि हाताला सोसेल इतकं गरम पाणी घेतलं तर दिसेल. प्रत्येक प्रयोग आदल्या दिवशी मुलांच्याच साहित्याने स्वतः करून पाहावा, तो याचसाठी.

लंबक: दोन तास, पायरी पायरीने

नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी लंबक फार चांगला. साहित्य थोडं, आकडे स्वच्छ आणि उत्तर बहुतेक मुलांच्या अंदाजाविरुद्ध. तीन मुलांच्या गटाला लागतं ते असं: सुमारे ८० सेंटीमीटर सुती दोरा, एकाच मापाचे तीन धातूचे वॉशर, एक पेपरक्लिप, मोजपट्टी, एक पेन्सिल, चिकटपट्टी आणि स्टॉपवॉच. स्टॉपवॉच नसेल तर सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ चालतं. लोकर किंवा ताणला जाणारा दोरा घेऊ नका; वजन वाढलं की तो लांबतो आणि प्रयोगाचं उत्तरच बिघडतं. पेन्सिल टेबलाच्या कडेबाहेर थोडी येईल अशी चिकटवा आणि दोरा तिला बांधा. खालच्या टोकाला पेपरक्लिप उघडून आकडा करा. टेबल निदान ७० सेंटीमीटर उंच हवं. बाकं बुटकी असतील तर खिडकीचा गज वापरा. गट तिघांचाच ठेवा: एक सोडतो, एक मोजतो, एक लिहितो आणि प्रत्येक फेरीला कामं बदलतात. पाच-सहा जणांच्या गटात दोघं काम करतात आणि बाकीचे बघत बसतात.

पहिल्या तासाला एक लंबक हलवून दाखवा आणि विचारा, ‘याला हळू किंवा भरभर झोके घ्यायला लावायचं तर काय काय बदलून बघता येईल?’ उत्तरं येतील: वजन, दोऱ्याची लांबी, किती लांब ओढून सोडला, किती जोरात ढकलला. सगळी फळ्यावर लिहा, कुठल्याही उत्तराला शाबासकी देऊ नका. मग प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्याचं कारण वहीत पेनने लिहायचं. पेनने यासाठी, की नंतर तो खोडता येऊ नये. अंदाज चुकल्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत हे तेव्हाच सांगा आणि ते शेवटपर्यंत पाळा. बहुतेक मुलांचा कौल वजनाला असतो.

आता वहीत तीन रकाने: ‘काय बदलणार’, ‘काय मोजणार’, ‘काय तसंच ठेवणार’. तिसरा रकाना भरल्याशिवाय वॉशर द्यायचे नाहीत. आधी वजन तपासू. लांबी ५० सेंटीमीटर, म्हणजे पेन्सिलीपासून वॉशरच्या मध्यापर्यंत. एक वॉशर, मग दोन, मग तीन. प्रत्येक वेळी साधारण एक वीत बाजूला ओढून सोडायचा, ढकलायचा नाही. गेला आणि परत आला की एक झोका. असे दहा झोके मोजून वेळ लिहायचा. एकाच झोक्याला दीड सेकंदही लागत नाही, त्यात बोट दाबण्यातली चूकच मोठी ठरते. दहा झोक्यांत ती विरून जाते. प्रत्येक मांडणी तीनदा मोजा आणि मधला आकडा घ्या. सरासरी अजून न शिकलेल्या मुलांनाही हे जमतं.

वजन कितीही असो, उत्तर १४ सेकंदांच्या जरा पुढे येतं. नंतर एकच वॉशर ठेवून लांबी बदला: २५ सेंटीमीटरला सुमारे १०, ४० ला १२.७, ५० ला १४.२ सेकंद.

गडबड कुठे होते ते आधीच माहीत असलं की वर्गात धावपळ होत नाही. एखाद्या गटाचा ५० सेंटीमीटरचा आकडा १३ च्या आसपास आला, तर मुलं सोडतानाच ‘एक’ म्हणतायत. म्हणजे मोजले नऊच झोके. सोडताना ‘शून्य’ म्हणायला लावा. आकडा ७ आला तर जाणं एक आणि येणं दुसरं असं मोजलंय. वॉशर एकाखाली एक लटकवले तर वजनाचा मध्य खाली सरकतो, लंबक नकळत लांब होतो आणि ‘वजनाने वेळ वाढतो’ असं उत्तर मिळतं. सगळे वॉशर पेपरक्लिपच्या आकड्यातच अडकवले की हे थांबतं. दोरा जवळजवळ आडवा होईपर्यंत ओढून सोडला तर वेळ खरोखरच वाढतो. ६० अंशांनाही तो जवळपास एक सेकंदाने जास्त येतो. ३० अंशांच्या आत राहिलं तर फरक मुलांच्या घड्याळात दिसत नाही. ५० सेंटीमीटरच्या दोऱ्याला ३० अंश म्हणजे बाजूला २५ सेंटीमीटर, म्हणून एक वीत बरी.

या चुका सापडल्या की लगेच जाऊन दुरुस्त करू नका. सर्व गटांचे आकडे फळ्यावर एका तक्त्यात मांडा आणि वेगळा आकडा वर्गालाच दाखवा: ‘सगळ्यांचे १४, या गटाचे १२.८. काय झालं असेल?’ मग तो गट सगळ्यांसमोर पुन्हा मोजतो, वर्ग बघतो आणि बहुतेक वेळा कुणीतरी मुलगीच ओरडते, ‘तो सोडतानाच एक म्हणतोय!’ आकड्यांवर शंका घेणं आणि माणसाला चुकीचं ठरवणं यांतला फरक मुलांना इथे कळतो, म्हणून ही पाच मिनिटं कधीच कापू नयेत.

याहून अवघड जागा पुढे आहे. एका गटाचे आकडे असे: एक वॉशर १४.१, दोन १४.२, तीन १४.३. मुलं म्हणतात, ‘वजनाने थोडा फरक पडतो.’ त्यांनी आकड्यांवर बोट ठेवलेलं असतं, म्हणून ‘चूक’ म्हणून पुढे जाता येत नाही. त्यांना एकाच वॉशरच्या तीन फेऱ्या बघायला लावा: १४.०, १४.१, १४.४. काहीच न बदलता इतका फरक येतो, मग वजन बदलल्यावर आलेला तेवढाच फरक वजनाचा कसा म्हणायचा? मोजणीची स्वतःची थरथर असते हे दहा वर्षांच्या मुलाला कळू शकतं, फक्त ते त्याच्याच आकड्यांतून दिसायला हवं. वजनाने फरक का पडत नाही, हे मात्र या वयात समजावायला जाऊ नका. तो प्रश्न वहीत प्रश्न म्हणून राहू द्या.

शेवटी दाराच्या चौकटीला १०० सेंटीमीटरचा लंबक टांगा. सोडण्याआधी प्रत्येकाने दहा झोक्यांचा वेळ लिहायचा, कारणासह. ‘२५ ला १० सेकंद, १०० म्हणजे चौपट, म्हणून ४०’ असं लिहिणारी मुलं असतात. त्यांच्या स्वतःच्या वहीत लांबी दुप्पट झाल्यावर वेळ १० वरून १४ वरच गेलेला आहे. जी मुलं ते बघून १९, २०, २१ असं काही लिहितात, ती पुराव्यावरून बोलू लागली आहेत. प्रत्यक्षात २० सेकंद येतात. या एका अंदाजातून वर्गाबद्दल जेवढं कळतं, तेवढं दहा रिकाम्या जागा भरून घेऊन कळत नाही.

शिक्षकांनी बोलायचं किती

अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. ही वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांब झाली, न विचारता बोलणारी मुलं वाढली, कारणं जास्त येऊ लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण वर्गात ते फार लांब वाटतात. मनात एक ते तीन सावकाश मोजा. आणि मूल बोलून थांबल्यावरही तेवढंच थांबा. पुढचं, बहुधा अधिक चांगलं वाक्य तेव्हा येतं.

‘बरोबर!’ हा शब्द लवकर उच्चारला की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. त्याऐवजी: ‘कशावरून?’, ‘दुसऱ्या कुणाला वेगळं दिसलं का?’, ‘हे खोटं ठरवायचं तर काय करून बघावं लागेल?’ बरोबर उत्तरालाही ‘कशावरून?’ विचारा. फक्त चुकीच्या उत्तरालाच विचारलं तर मुलं महिनाभरात ओळखतात की ‘कशावरून’ म्हणजे ‘चुकलं’.

लहान मुलं आणि बिया

सहा-सात वर्षांच्या मुलांना तीन रकाने जड जातात. त्यांच्यासाठी एकच नियम पुरतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बिया रुजवणं हा नेहमीचा प्रयोग घ्या. तीन बशा, प्रत्येकीत कापसावर कडधान्याच्या १० बिया. एक ओली आणि उजेडात, एक ओली आणि झाकलेली, एक कोरडी आणि उजेडात. एकच बी घेतली आणि ती किडकी निघाली तर सगळं मुसळ केरात. कापूस ओला हवा, बिया बुडता कामा नयेत. बुडाल्या की हवा न मिळाल्याने त्या कुजतात आणि मुलं म्हणतात, ‘पाण्याने बी मरते.’ रोज ठरल्या वेळी किती रुजल्या ते मोजून चित्र काढायचं.

अंधारातल्या बियाही रुजतात, हा पहिला धक्का. सहा-सात दिवसांनी दुसरा: अंधारातले कोंब उजेडातल्यांपेक्षा उंच! मुलं आनंदाने ठरवून टाकतात की झाडाला अंधार जास्त मानवतो. त्यांनी उंची मोजली आणि उंचीवरून निष्कर्ष काढला. पद्धत चुकली नाही, मोजायची गोष्ट अपुरी पडली. ‘आणखी काय वेगळं दिसतंय?’ असं विचारा. रंग पिवळट, देठ बारीक, पानं इवलीशी, कोंब लवंडलेले. मग अंधारातले निम्मे कोंब उजेडात आणा. एक-दोन दिवसांत ते हिरवे व्हायला लागतात. उरलेले बीमधलं अन्न संपलं की मरतात. घाई करून प्रयोग उंची मोजल्यावर तिथेच गुंडाळला तर मुलं चुकीचा निष्कर्ष घेऊन घरी जातात, आणि तोही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला, म्हणून पुसायला कठीण. हा प्रयोग घ्यायचा तर दोन आठवडे हाताशी ठेवा.

मूल्यमापन

आकारिक मूल्यमापन, म्हणजे मूल शिकत असतानाच केलेली तपासणी, तास चालू असतानाच होतं, पण तीस-चाळीस मुलांची सगळी कौशल्यं एका तासात पाहता येत नाहीत. प्रयत्नच करू नका. आज एकच कौशल्य पाहायचं, उदाहरणार्थ ‘बाकीच्या गोष्टी तशाच ठेवतो का’, आणि दोनच गट. यादी हातात, नावापुढे खूण आणि मुलाचे जमतील तितके मूळ शब्द. ‘सहभाग चांगला’ या शेऱ्याचा पुढे काही उपयोग होत नाही. ‘लांबी बदलताना वॉशरही वाढवला, विचारल्यावर स्वतःच काढला’ या ओळीवरून पुढच्या तासाला काय करायचं ते कळतं.

वहीतला निष्कर्ष तपासायला चार पायऱ्यांचा निकष पुरे. वजनाच्या प्रयोगावर मुलं साधारण असं लिहितात:

१. ‘जड वस्तू हळू जाते म्हणून वेळ वाढतो.’ आधीचं मत, नोंदीशी संबंध नाही.
२. ‘वजनाने फरक पडत नाही.’ निष्कर्ष आहे, पुरावा नाही.
३. ‘फरक पडत नाही. एका वॉशरला १४.१ आणि तीन वॉशरना १४.३ सेकंद लागले.’ निष्कर्षाला आकड्यांचा आधार.
४. ‘...काही न बदलता मोजलं तरी एवढा फरक येतो, आणि लांबी सारखीच ठेवली होती.’ आकड्यांवर विश्वास का ठेवायचा हेही सांगितलं.

दुसऱ्या पायरीकडे नीट बघा. उत्तर बरोबर आहे, म्हणून तिथे पूर्ण गुण देण्याचा मोह होतो. तो आवरला नाही तर मुलांना कळतं की आकडे सजावटीसाठी असतात. उलट, एखाद्या गटाने चुकून वॉशर एकाखाली एक लटकवले, आकडे वाढत गेले आणि मुलाने ‘वजनाने वेळ वाढतो, १४.१, १४.४, १४.८’ असं लिहिलं, तर ते तिसऱ्या पायरीवर आहे. त्याला तीन द्या आणि पुन्हा मांडणी करायला लावा. हे पालकांना समजावून सांगावं लागतं, कारण ‘चुकीच्या’ उत्तराला तीन आणि ‘बरोबर’ला दोन हे पटकन पटत नाही. निकष वर्षाच्या सुरुवातीला, अशा नमुना उत्तरांसह, मुलांना आणि पालकांना दाखवून ठेवा.

प्रयोग गटात, लेखन मात्र प्रत्येकाचं स्वतंत्र. गटाला सरसकट गुण दिले की कोण शिकलं ते झाकलं जातं. ज्या मुलाला लिहिणं जड जातं त्याला तोच प्रश्न तोंडी विचारा आणि उत्तर तुम्ही टिपून घ्या. तपासायचं आहे ते विज्ञान, शुद्धलेखन नव्हे.

संकलित मूल्यमापनात, म्हणजे शिकवून झाल्यावरच्या परीक्षेत, वर्गात केलेलाच प्रयोग जसाच्या तसा विचारू नका, पाठ केलेलं परत येतं. त्याऐवजी दुसऱ्याच्या नोंदी समोर ठेवा. ‘एका मुलीने ३० सेंटीमीटर दोरा आणि एक वॉशर घेतला: ११.० सेकंद. मग ६० सेंटीमीटर दोरा आणि तीन वॉशर: १५.५ सेकंद. ती म्हणते, वजनामुळे वेळ वाढला. तुला पटतं का? कशावरून? तू काय वेगळं केलं असतंस?’ पाच गुणांचा प्रश्न करायचा असेल तर दोन गोष्टी एकदम बदलल्या हे ओळखण्याला दोन, नव्या मांडणीत एकच गोष्ट बदलण्याला दोन आणि काय तसंच ठेवणार हे लिहिण्याला एक. नुसतं ‘नाही पटत’ याला शून्य.

प्रात्यक्षिकाला दहा मिनिटांचं नवं काम द्या: उताराची उंची वाढवली तर चेंडू किती लांब जातो? एक फळी, तीन सारखी पुस्तकं, चेंडू, मोजपट्टी. तुमच्या हातातल्या कागदावर चार प्रश्न, प्रत्येकाला एक गुण: फक्त उंचीच बदलली का? चेंडू न ढकलता सोडला का? अंतर दरवेळी त्याच जागेपासून मोजलं का? प्रत्येक उंचीला निदान दोनदा करून पाहिलं का? चार प्रश्न ‘हो-नाही’चे असल्याने एका वेळी चार-पाच मुलांकडे लक्ष ठेवता येतं. चेंडू गुळगुळीत फरशीवर भिंतीपर्यंत जातो, तेव्हा खाली सतरंजी पसरा, नाहीतर मोजायलाच काही उरत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी सर्वांत जास्त उंचीवरून एकदा सोडून बघा आणि चेंडू सतरंजीबाहेर गेला तर तीन पुस्तकांऐवजी तीन पातळ वह्या घ्या.